भिंतीवरचं नाणं

दिवसातून तीनदा मी माणसांना जमिनीखाली नेतो.
सत्तावन्न पायऱ्या. वाकून या, म्हणतो,
ही कमान बुटक्या माणसांनी खोदली.
(कुणी खोदली ते कुणालाच ठाऊक नाही,
पण वाकलेल्या माणसाला कथा लवकर पटते.)

खाली कायम दहा अंश.
भिंतींवर काळी बुरशी, मांजराच्या पाठीसारखी मऊ.
पिंपांतून जेवढी वाइन उडून जाते
तेवढ्यावर तिचं भागतं.
एक नाणं काढा, मी सांगतो, दाबा भिंतीवर.
चिकटलं तर तुम्ही तोकायला परत येणार.
चिकटतंच.
ओल्या बुरशीला कुणाचंही नाणं चालतं.

आज सहा पाहुणे, बुडापेस्टहून काळ्या गाडीनं.
जिनिव्हाचे दंतवैद्य आणि त्यांची बायको,
दोन भाऊ, ज्यांचं स्वतःचं विमान आहे म्हणे,
एक बाई, जी घोट घोळवते आणि थुंकते
इतकं सुबक, की बादलीलाही कळू नये.
आणि एक म्हातारे. हात खिशात. प्रश्न नाहीत.

सकाळी त्यांना मळ्यात नेलं होतं.
'वेचणीचा अनुभव', एक तास,
कोरी टोपली, कोरे हातमोजे.
बोद्रोग नदीवरून धुकं अजून उठायचं होतं.
एतेल्का पहाटेपासून तिथं, अठ्ठेचाळिसावा हंगाम तिचा.
ती घड तोडत नाही. घडातला एकेक मणी बघते:
हा हिरवट, हा नुसताच सडका,
हा, सुरकुतलेला, राखेत लोळून आल्यासारखा,
हा घ्यायचा.
"सडण्या-सडण्यात फरक असतो," ती म्हणाली.
मी भाषांतर केलं: 'उदात्त कुज.'
सगळ्यांनी माना डोलावल्या.
तास संपल्यावर तिनं त्यांच्या टोपल्या फडक्यावर उलटल्या
आणि न बोलता निम्मे मणी फेकून दिले.
विमानवाल्या भावांचे तर जवळजवळ सगळेच.

रात्री सात पदार्थ.
हंसाच्या काळजावर जर्दाळूचा ठिपका,
नदीतला मासा, ज्याचा काटा न् काटा
आचाऱ्यानं चिमट्यानं उपटलेला.
शेवटी काचेच्या चमच्यात तो अर्क,
कुणी न दाबता, मण्यांच्या स्वतःच्याच भारानं गळलेला.
प्रत्येकी एक चमचा.
किंमत मी सांगत नाही, ती बिल सांगतं.
काय लागलं? मी विचारलं.
मध, म्हणाले. अंजीर. संत्र्याची साल.
वा, मी म्हणालो. रोज म्हणतो.

म्हातारे पहिल्यांदा बोलले:
"त्या बाईंना काय लागतं, विचारा."

एतेल्का मागच्या दारी उभी होती, रोजंदारीच्या सहीसाठी.
आत आली. बुटांना चिखल,
म्हणून गालिच्याच्या अलीकडेच थांबली.
चमचा तोंडात धरून बराच वेळ उभी राहिली,
थर्मामीटर धरावा तशी.
मग म्हणाली,
"हे गांधीलमाश्यांचं साल.
माझ्या वहिनीला ओठावर डसली होती.
आठ दिवस बिचारीला हसता येईना.
आम्हीच हसायचो, आणि ती आम्हाला द्राक्षं फेकून मारायची.
चांगली. वेचलेली."

टेबल माझ्याकडे बघत होतं.
"ती म्हणते," मी म्हणालो, "मध."

म्हाताऱ्यांनी चमचा खाली ठेवला.
आणि आमच्याच भाषेत, गंजलेल्या,
सात वर्षांच्या मुलाच्या व्याकरणात,
तिला विचारलं:
"कुठल्या ओठावर?"

"खालच्या," एतेल्का म्हणाली.
जणू हा प्रश्न कुणीतरी विचारणारच होतं.
सही करून ती गेली. उद्या पहाटे पुन्हा वेचणी.

मी दिवे मालवायला खाली उतरलो.
गळून पडलेली नाणी गोळा करायची असतात,
फोरिंट, युरो, एकदा तर कोटाचं बटण.
आजची मोजली. पाच.
पुन्हा मोजली.
भिंतीला हात लावला, मऊ होती, ओली होती,
आणि परत वर येताना
कमानीला डोकं आपटलं.